दोरीने बांधलेला ट्रक

आमच्या गल्लीत एक ट्रक दोरीने माडाला बांधलेला असायचा. हे मी कॉलेजात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सगळे हसले. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला लगेच कळलं नाही, कारण मी सातवीत असल्यापासून तो तसाच पाहत आले होते. गाई बांधतात, होड्या बांधतात, तसा हिरूआयचा ट्रक बांधलेला.

हिरूआय आता नाहूरला मुलाकडे राहते. तिच्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस वाटत होतं, पण जमेल की नाही याची खात्री नव्हती. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. चुकलं तर घरात सांगणारंही कुणी नाही. तरी लिहिते, कारण आता त्या माडाखाली स्कूटर लागतात आणि नवीन माणसाला तिथे काही होतं हे कळणारही नाही.

आम्ही वेसाव्याच्या कोळीवाड्यात आलो ते भाडेकरू म्हणून. हिरूआयच्या घरामागची खोली आम्ही घेतली आणि आई तिच्याकडे कोळंबी सोलायला बसू लागली. हिरूआय तेव्हाही साठीच्या जवळ होती. अंगाने काटकुळी, पण आवाज बाजारातला. शेजारी बसलेल्या आईशी बोलली तरी ते पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं. पहिल्याच आठवड्यात मी तिला ट्रकच्या दोरीशी काहीतरी करताना पाहिलं आणि विचारलं, "हिरूआय, ट्रक का सोडताय तुम्ही?"

तिने मागे वळून पाहिलं. "तुमी कोन? हितं तर मी एकलीच हाय."

मी गडबडले. मग 'तू' म्हणून तोच प्रश्न विचारला.

"सोडत नाय गो. ढील देतंय. आज उधान हाय ना."

"पण ट्रक तर जमिनीवर आहे."

"जमीन कोनाची? दर्याचीच ना? त्याला पायजे तवा येल परत घ्यायला."

नंतर कळलं की हे अगदीच वेडेपण नव्हतं. एका मोठ्या पावसाळ्यात भरतीचं पाणी गल्लीत शिरलं होतं आणि ट्रकची चाकं अर्धी बुडाली होती. तेव्हापासून तिने तो बांधायला सुरुवात केली. उधाणाला दोरी सैल, एरवी ताठ. रोज संध्याकाळी भांडी घासून झाली की ती पदराला हात पुसत यायची आणि गाठ चाचपून जायची.

ती दोरी होडीची होती. हिरूआयचे यजमान दामूकाका पूर्वी मासेमारीला जायचे. होडी जुनी झाली तेव्हा ती विकून त्यांनी हा ट्रक घेतला, तोही कुणीतरी वापरून सोडलेला. होडीचं नाव 'सोनाई' होतं, तेच त्यांनी ट्रकच्या कपाळावर लिहून घेतलं. नांगराची दोरी मात्र विकली नाही. मी दामूकाकांना पाहिलेलं नाही. आम्ही येण्याच्या आधीच ते गेले होते आणि तेव्हापासून ट्रक उभा होता. पण हिरूआयच्या बोलण्यातून मला तो चालताना दिसायचा. पहाटे बंदरावरून मासळी आणि बर्फ भरून ट्रक बाजाराला निघायचा. मागे गल्लीतल्या बायका, प्रत्येकीची जागा ठरलेली. पुढे डाव्या बाजूला हिरूआय, मांडीवर पापलेटांची पाटी. "माज्या जागंवर दुसरी बसली तर ते गारीच चालू करीत नसत," ती सांगायची. ती गाडीला गारी म्हणायची आणि होडीला होरी.

बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं त्या ट्रकमधून ठिबकलं होतं. दरवाजाच्या खालच्या कडेला बोट लावलं तर खवल्यासारखे पापुद्रे निघायचे. हिरूआय रोज फडक्याने पुसायची तरी रोज निघायचे. एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. ती ड्रायव्हरच्या सीटवर कधीच बसत नसे. ती सीट पुसायची असली तर बाहेर उभी राहून, आत वाकून पुसायची.

दोन वर्षांपूर्वी, होळीच्या सुमाराला, महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून एक माणूस आला आणि त्याने ट्रकच्या काचेवर कागद चिकटवला. बंद पडलेल्या गाड्या उचलणार होते. हिरूआयने त्याला पाणी दिलं, सरबत दिलं, आणि मग आवाज चढवला. तो बिचारा नोकरीवरचा माणूस होता. शेवटी म्हणाला, "आजी, पावसाळ्यानंतर येतो मी. तेव्हा गाडी चालू असली तर राहील. नसली तर क्रेन लावून ओढून नेणार, माझ्या हातात काही नाही."

त्या रविवारी तिचा मुलगा जितू नाहूरहून आला. तो एका ऑफिसात नोकरीला आहे, स्वभावाने चांगला आहे, पण घाईत असतो.

"आई, दे ना भंगारात. उगाच डोक्याला ताप. जागा तरी मोकळी होईल."

"जागा कशाला पायजे तुना? तू तर नाहूरला र्‍हातस."

"अगं पण ती चालणार आहे का? पत्रा बघ यार तिचा, हात लावला तर खाली पडतोय."

"जितू, ओढून नेतात ती बुडालेली होरी. माजी बुडालेली नाय. ती आपल्या पायानं एकदा हितून निगू दे. मंग तिकडं भंगारात घाल, नाय तर समिंदरात घाल. मी बोलनार नाय."

जितूने माझ्याकडे पाहिलं. मी तिथे आईसाठी डबा घ्यायला उभी होते. मी शिकते म्हणून मी काही शहाणपणाचं बोलेन असं त्याला वाटलं असावं. मी डबा उचलला आणि निघाले.

दुसऱ्या दिवसापासून हिरूआय कामाला लागली. तिला गाडीचं काहीही माहीत नव्हतं. होडीचं मात्र सगळं माहीत होतं. होडी किनाऱ्यावर ओढून कशी घासायची, तेल कसं पाजायचं, फटी कशा बुजवायच्या, हे तिने बापाच्या घरी केलं होतं आणि नवऱ्याच्या घरीही केलं होतं. तेच तिने ट्रकला करायला घेतलं. कालवं फोडायच्या कोयतीने तिने गंज खरवडला. गल्लीत दिवसभर तो आवाज चालायचा. माझी परीक्षा होती. मी कानात बोळे घालून हिशेबाची उदाहरणं सोडवायचे आणि तरी दात शिवशिवायचे.

मग एक दिवस ती माझ्या दारात आली. "कालेजवाली, तुज्या मोबाईलमंदी बघ गो, गारीचा गंज कसा काढतात ते." ती मला नावाने कधी हाक मारत नसे.

मी शोधलं. परदेशातल्या एका माणसाचा व्हिडिओ निघाला. चकचकीत गॅरेज, भिंतीवर ओळीने टांगलेली हत्यारं, आणि तो इंग्रजीत भराभर बोलत होता. त्यातलं निम्मं मला कळलं नाही. मी कॉमर्सला आहे. हिरूआय चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली.

"काय बोलतो?"

"म्हणतो, आधी नीट घासा."

"ते केला मी. पुढं?"

"पुढे कसलंतरी रसायन लावतोय. इथे मिळतं की नाही माहीत नाही."

तिने चष्मा काढला. "या बाप्याच्या गारीत कवा मासली नाय भरलेली. त्याला काय म्हाईत?" आणि ती निघून गेली.

त्या रसायनाच्या जागी तिने मुशीचं तेल आणलं. पूर्वी होडीच्या लाकडाला हे माशाचं तेल पाजत असत. आता कुणी फारसं वापरत नाही, पण हिरूआयच्या बंदरावर ओळखी होत्या. तिने डबाभर तेल मिळवून ट्रकला वरपासून खालपर्यंत चोपडलं. त्याचा वास मी शब्दांत सांगू शकत नाही. आम्ही माशांच्या वासात राहणारी माणसं, तरी आम्ही खिडक्या लावून घेतल्या. गल्लीतली आणि पलीकडच्या गल्लीतली सगळी मांजरं ट्रकखाली येऊन बसली. एक बोका तर मडगार्ड चाटत दिवसचे दिवस बसायचा. समोरची पार्वतीबाय दारातून ओरडायची, "हिरे, तुजी गारी पाटीत घालून बाजारात ने गो! वासावर गिऱ्हाईक येल!"

"तुना घेऊन जाते आधी," हिरूआय ट्रकखालून ओरडायची, "तू जास्त शिलकीची हायस!"

तेल मुरल्यावर तिने भोकं बुजवायला घेतली. हे काम बघत राहावं असं होतं. चुलीवर राळ वितळत असायची. हिरूआय कापसाची वात तळहातावर वळायची, गरम राळेत बुडवायची, अंगठ्याने भोकात दाबायची आणि वरून लाकडी पाचरीने हलकेच ठोकायची. घाई नाही. दरवाजाच्या खाली, पायाखालच्या पत्र्यात, मागे मासळी भरायच्या साटीच्या कोपऱ्यात, जिथे उजेड आरपार दिसला तिथे तिने वात घातली. मग गोणपाट अंथरून ट्रकखाली उताणी झोपली. तिथून तिचा आवाज आला, "आगो, खालून तर बघ! दोन्ही बाजूच्या लांब पट्ट्यांना किती भोकं. एका वलीत. गंजसुदा शिस्तीचा हाय गो आमच्या घरातला!"

ती सगळी तिने बुजवली. एकही सोडलं नाही.

रंग तिने विकत आणला नाही. होड्या रंगवून उरलेले डबे गल्लीने आणून दिले. म्हणून ट्रकचा एक दरवाजा निळा झाला, दुसरा हिरवा, आणि तोंड भगवं. कपाळावरचं 'सोनाई' तिने पांढऱ्या रंगाने जुन्याच अक्षरांवरून गिरवलं. हिरूआयला लिहिता येत नाही. अक्षरांच्या खुणा पुसट दिसत होत्या, त्यांच्यावरून ती ब्रश नेत गेली.

पावसाळ्यात होड्या वर ओढून झाकतात, तसा ट्रक निळ्या ताडपत्रीने झाकला गेला. पाऊस पडत राहिला. हिरूआय अधूनमधून ताडपत्री उचलून केबिनमध्ये हात फिरवायची. "सुकी हाय," आईला सांगायची. "एक थेंब आत नाय. बघ, माजं काम." तिचा चेहरा त्या दिवसांत फार शांत असायचा. आई म्हणाली, "पोरीचं लग्न ठरल्यासारखी दिसतेय."

इंजिनासाठी वाकोल्याचे पास्कल मिस्त्री आले. दामूकाका असताना ट्रक त्यांच्याकडेच जायचा. आता तेही थकले होते आणि गॅरेज मुलाच्या हवाली केलं होतं. हिरूआयचा निरोप गेला म्हणून आले. ट्रक बघून ते आधी हसले, मग टोपी काढून उभे राहिले.

"आय, ही गाडी आहे की जत्रा?"

"चालू कर, मंग बोल."

त्यांनी बॅटरी आणली, डिझेलच्या नळ्या बदलल्या, पंप खोलून साफ केला. काही दिवस ते येत राहिले. दुपारी हिरूआय त्यांना आंबट-तिखट सुरमई वाढायची आणि ते म्हणायचे, "आय, इंजिन चालू झालं की मला हे जेवण बंद होणार. म्हणून हळूहळू करतोय." पण इंजिन चालू झालं. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. काळा धूर गल्लीभर पसरला, मांजरं पळाली आणि बायका दाराबाहेर आल्या. पार्वतीबाय पुढे आली. तिने नुसता ट्रकच्या मागच्या फळीवर हात ठेवला. तिची जागा तिथे होती.

पौर्णिमेला होड्यांबरोबर ट्रकचीही पूजा झाली. हिरूआयने हिरवं लुगडं नेसलं होतं, केसांत अबोलीची वेणी. तिने चाकापुढे नारळ वाढवला. बायकांना मागे चढायचं होतं, पण पास्कल म्हणाले, "पहिली फेरी रिकामी. कोपऱ्यापर्यंत जाऊ, वळवून आणू. मग सगळ्या बसा." हिरूआयने स्वतः दोरी सोडली, वेटोळं करून मांडीवर घेतली आणि आपल्या डाव्या बाजूच्या जागेवर बसली. पास्कल सीटवर बसताना ती खिडकीतून बाहेर बघत होती.

ट्रक हलला. खरंच हलला. बायका दोन्ही बाजूंनी चालत होत्या, टाळ्या वाजवत होत्या. मीही वाजवत होते. कोपऱ्याच्या अलीकडे, जिथे गटाराच्या झाकणाचा उंचवटा आहे, तिथे पुढची चाकं चढली आणि मोठी फांदी मोडावी तसा आवाज आला. ट्रक मधोमध खचला. केबिन थोडी पुढे कलली. इंजिन चालूच होतं.

पास्कलनी ते बंद केलं. कुणाला लागलं नव्हतं, पण हिरूआयच्या बाजूचा दरवाजा उघडेना. शेवटी तिला ड्रायव्हरच्या बाजूने उतरावं लागलं, त्या सीटवरून सरकत. उतरल्यावर तिने लुगड्याने सीटवर पडलेल्या सुरकुत्या हाताने सारख्या केल्या.

बायकांनी ट्रक ढकलत माडाखाली परत आणला. सणाची लुगडी, सगळ्यांचे हात काळे. कुणी थट्टा केली नाही. हिरूआयने दोरी पुन्हा बांधली.

दुसऱ्या दिवशी पास्कल टॉर्च घेऊन ट्रकखाली गेले. आम्ही बाहेर उभ्या होतो. टॉर्चचा उजेड खालच्या पट्ट्यांवरून पुढे-मागे फिरत होता. मग त्यांनी विचारलं, "आय, हे बोळे कोणी घातले?"

"मी घातले. राळ आनि कापूस. एक थेंब जात नाय."

"हो," ते म्हणाले. "तेच बघतोय."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरने एक बोळा उपटला. आतून पाणी आलं. चहासारखं, गंजाचं. थांबेल असं वाटलं, पण थांबलं नाही. ती धार आमच्या पायांशी आली, गटाराकडे वळली, तरी येतच होती. पास्कलनी दुसरा बोळा काढला. तिथूनही आलं.

ते बाहेर येऊन गोणपाटावर बसले. आवाज खाली ठेवून समजावू लागले. ट्रकचा सगळा भार खालच्या दोन लांब पट्ट्यांवर असतो. मासळी आणि बर्फ जास्त भरता यावा म्हणून दामूकाकांनी त्या पट्ट्यांना आणखी एक पत्रा जोडून घेतला होता, त्यामुळे त्या आतून पोकळ झाल्या होत्या. "वरून सांध्यातून पाणी आत जातंच, आय. आधी बर्फाचं, आता पावसाचं. ताडपत्रीने काय थांबतंय ते? म्हणून खाली वाट ठेवावी लागते, नाहीतर ते आत साचून पट्टी खातं."

"ती भोकं गंजाची..."

"नाही, आय. हे बघा ना. गोल आहेत, एका मापाची. दामूशेटनी माझ्याकडूनच पाडून घेतली होती. माझ्या शेजारी बसून, खडूने खुणा करून."

हिरूआय खाली बसली. टॉर्च हातात घेऊन तिने वाकून त्या पट्टीकडे पाहिलं. ज्या भोकातला बोळा निघाला होता त्यात तिने करंगळी घातली आणि तशीच ठेवली.

"होरीला भोक दिसला की हात आपोआप जातो," ती म्हणाली. आवाज एवढा हळू होता की तो तिचा वाटेना. "मना वाटला, गारीला लागलंय."

पास्कल म्हणाले, "आय, ती आधीच खाल्लेली होती. तुम्ही नसतं केलं तरी..."

"किती दिवस टिकली असती?"

त्यांनी तिच्या हातातला टॉर्च घेऊन बंद केला. वेल्डिंग करून भागेल का, असं माझ्या आईने विचारलं. ते म्हणाले, वेल्डिंग कशाला करायचं, धरायला चांगला पत्राच उरला नाही. खालचा सगळा सांगाडा नवा घालायचा, म्हणजे मग गाडीच नवी. जाताना त्यांनी त्या दिवशीचं जेवण घेतलं नाही. हिरूआयने वाढलंही नव्हतं.

पुढच्या दिवसांत तिने एक एक करून सगळे बोळे काढले. ट्रकखाली उताणी झोपून, त्याच गोणपाटावर. आता त्याचा काही उपयोग नव्हता. आईने तसं म्हटलंही. "ऱ्हाऊ दे ना गं हिरूआय." ती म्हणाली, "त्यांनी ठेवली तशी ठेवतंय." मी कॉलेजातून यायचे तेव्हा ट्रकखालून तिचे पाय दिसायचे. मी थांबायचे. काहीतरी बोलावं असं वाटायचं. पण काय बोलायचं हे मला कुठल्याच वर्गात कुणी शिकवलं नव्हतं, आणि घरातही असं बोलायची पद्धत नाही. मी पाण्याचा तांब्या भरून तिच्या हाताशी ठेवायचे आणि आत जायचे.

क्रेन आली ती पावसाळा संपल्यावर, एका सकाळी. जितू नाहूरहून आला होता. त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि तो या वेळी घाईत नव्हता. वॉर्डाचा तोच माणूस कागद हातात धरून लांब उभा राहिला. क्रेनवाल्या पोरांनी पुढच्या चाकांना पट्टे लावले. मग त्यांच्यातल्या एकाला दोरी दिसली. "ये क्या बांध के रखा है?" म्हणत त्याने पट्टे कापायची सुरी काढली.

"ए!" हिरूआयचा बाजारातला आवाज किती दिवसांनी आला. "कापायची नाय."

"आजी, टाइम नहीं है."

"दोरी बुडताना कापतात. हितं कोन बुडत नाय." तिने त्याला बाजूला केलं. "मी सोडते."

गाठ रात्रीच्या दवाने ओली होऊन घट्ट बसली होती. हिरूआयने नखांनी ती उकलायला घेतली. पोरगा घड्याळ बघत होता. जितू पुढे झाला, "आई, मी करू?" तिने नाही म्हणून मान हलवली. क्रेनचं इंजिन चालू होतं. पार्वतीबाय आणि गल्लीतल्या बायका दारांत उभ्या होत्या, आणि हिरूआयला घाई कर असं कुणीही म्हणालं नाही. बऱ्याच वेळाने एक वेढा सुटला, मग दुसरा. तिने दोरी बंपरमधून ओढून घेतली, ट्रकच्या भगव्या तोंडावर तळहात टेकला आणि मागे सरली.

"ने," ती म्हणाली.

ट्रकची पुढची चाकं उचलली गेली. कोपऱ्यावरच्या उंचवट्यावर तो पुन्हा एकदा करकरला आणि वळला. निळा दरवाजा दिसला, मग काहीच नाही. खालून अजून थोडं पाणी ठिबकत गेलं होतं, त्याची रेघ गल्लीभर उमटली होती.

सगळे आत गेले. मला कॉलेजला निघायचं होतं, पण मी दारातच उभी राहिले. माडाखाली ट्रकच्या आकाराची काळी, तेलकट जागा उघडी पडली होती. मांजरं तिचा वास घेत होती. हिरूआयने त्यांना हाकललं. मग ती दोरीचं एक टोक घेऊन त्या जागेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत चालत गेली, परत आली, पुन्हा गेली. मला वाटलं ती काही मोजते आहे. पण ती दोरी उन्हात सुकत घालत होती.